कोल्हापुरात घर बघताय? आधी वाटेत काय काय लागतं ते बघा

कोल्हापुरात नोकरी लागली असं कुणालाही सांगितलं की ठरलेलं उत्तर येतं, "कोल्हापूर केवढंसं हाय वो, कुठंबी राहा, पंधरा मिन्टात पोचताय." आणि ते खोटं नाहीये. रविवारी सकाळी सातला रंकाळ्यावरून कावळा नाक्याला खरंच तेवढ्यात जाता येतं. पण कामाला जायची वेळ ती नसते ना. नाशिक सोडून इथं आलो त्याला आता बरेच दिवस झाले, चांगले रुळलोय, आणि ऑफिसात कुणी नवीन जॉइन झालं की घर कुठं बघू म्हणून माझ्याकडे येतात, तर मी सगळ्यांना एकच सांगते, किलोमीटर मोजू नका. घर आणि काम ह्याच्या मध्ये नदी येते का आणि रेल्वे येते का ते आधी बघा, भाडं-बिडं सगळं नंतर.

आमची अडचण जरा जास्तच होती. माझी नोकरी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत, फाउंड्रीच्या लॅबमध्ये, आणि नवऱ्याची शिरोली एमआयडीसीत. म्हणजे एक शहराच्या दक्षिणेला, एक उत्तरेला. मुलगी तिसरीत, तिला शाळेत सोडायचं, आणायचं, आणि घरी मदतीला सासू-सासरे वगैरे कुणी नाही. त्यामुळे दोघांपैकी एकजण तरी अर्ध्या तासात शाळेच्या गेटवर पोचलाच पाहिजे ही आमची अट होती आणि ती आम्ही शेवटपर्यंत सोडली नाही.

ज्यांनी कोल्हापूर पाहिलंच नाही त्यांच्यासाठी सांगते. जुनं गाव म्हणजे पेठा, अंबाबाईचं देऊळ, रंकाळा हे सगळं पश्चिमेला. पुणे-बंगळूर हायवे शहराच्या पूर्वेच्या अंगानं जातो. त्याच हायवेवर उत्तरेला पंचगंगा ओलांडली की पुलाची शिरोली आणि शिरोली एमआयडीसी, दक्षिणेला उजळाईवाडीचं विमानतळ, मग गोकुळ शिरगाव, पुढं कागल आणि तिथली फाइव्ह स्टार एमआयडीसी. आणि मिरजेकडून आलेली रेल्वे शहराच्या मधोमध येऊन संपते. १८९१ पासून ती इथंच संपते, पुढं लाइनच नाही. म्हणजे तुमची नोकरी एमआयडीसीत असेल तर तुम्हाला रोज पूर्वेला हायवेला यायचंच आहे, मग घर हायवेच्या किती जवळ ह्यापेक्षा हायवेला यायच्या रस्त्यात कुठं अडकायला होतं हा खरा प्रश्न.

अडकायची पहिली जागा म्हणजे परीख पूल. एसटी स्टँड आणि रेल्वे स्टेशनकडून राजारामपुरीत जायला रेल्वेखालून हा बोळ आहे, पूल म्हणतात पण आपण खालून जातो. अरुंद आहे, उंची कमी, आणि जोराचा पाऊस झाला की पाणी साठतं. संध्याकाळी सहाच्या सुमाराला दोन्हीकडून गाड्या घुसतात, एखादी रिक्षा मध्ये बंद पडली की मग हॉर्नशिवाय काही ऐकू येत नाही. दुसरी वाट टेंबलाईच्या उड्डाणपुलावरून, ती मोठी आहे पण लांबून. त्यामुळे घर रेल्वेच्या शाहूपुरीकडच्या बाजूला आणि मुलांची शाळा राजारामपुरीत, किंवा उलट, असं असेल तर रोज दोन वेळा हा बोळ तुमच्या नशिबी आहे हे धरून चाला.

आता नदी. बाहेरच्या माणसाला हे खरंच कळत नाही, मलाही कुणी नीट सांगितलं नसतं तर कळलं नसतं. इथं जुलै लागला की घराघरात एकच चौकशी, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फुटांवर? ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी, हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, धरण भरलं की ते आपोआप उघडतात, आणि किती नंबरचा दरवाजा उघडला त्याचा मेसेज आला की लोक लगेच काही तासांनी पाणी कुठवर येईल ह्याचा अंदाज बांधतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ हायवे जवळपास आठवडाभर बंद, शहरात दूध नाही, पेट्रोल नाही. २०२१ च्या जुलैत परत तेच, परत हायवे पाण्याखाली. आणि शिरोलीला जायला दुसरी वाट शोधू म्हणाल तर कसबा बावड्याकडून शिये किंवा शिवाजी पुलावरून, तिकडंही पाणी आलेलं असतं, कारण नदी एकच आहे. त्या दिवसांत शिरोली पलीकडं आणि शहर अलीकडं, मध्ये नुसतं पाणी.

हे सगळं ऐकून माहीत होतं, पण घर बघताना मी ते भिंतीवर पाहिलं. शाहूपुरीत एक तळमजल्याचा फ्लॅट एजंटनं दाखवला, स्टेशनला चालत, एसटी स्टँडला चालत, भाडं आमच्या बजेटपेक्षाही कमी, हवेशीर, पुढं छोटं अंगण. नवरा तर टोकन द्यायलाच निघाला होता. मी आतल्या खोलीत गेले तर खिडकीच्या चौकटीच्या बऱ्याच वरपर्यंत रंग नवा आणि त्याच्या वर जुना, दोघांच्या मध्ये एक सरळ आडवी रेघ, माझ्या खांद्याच्याही वर. बाहेर आले तर लाइटचा मीटर एवढ्या उंचावर बसवलेला की रीडिंग घ्यायला स्टूल लागेल. शेजारच्या काकू दारात तांदूळ निवडत होत्या, त्यांना विचारलं तर त्यांनी काही लपवलं नाही. "बाळ, दोन्ही टायमाला पाणी हुतं बघ. आमी वरच्या मजल्यावर हुतो, मग बोटीतनं काढलं. पलीकडं कुंभार गल्लीत तर गणपती हुतं करून ठेवल्यालं, सगळी माणसं रात्रभर मूर्ती उचलत हुती." मग म्हणाल्या, "तू ल्हान पोर घिऊन येणार, वर कुठंतरी बघ." एजंट तिथंच उभा होता, तरी त्या बोलल्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

म्हणून घर बघायला गेलात की एजंटला नाही, शेजाऱ्याला विचारा, एकोणीसला पाणी कुठवर आलं होतं? कोल्हापुरी माणूस ह्या प्रश्नाचं उत्तर खरं देतो, आणि हातानं उंची दाखवून देतो. व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्कचा खालचा भाग, रमणमळा, सुतारवाडा, बापट कॅम्प, इथं विचारल्याशिवाय पुढं जाऊच नका. ह्याचा अर्थ तो सगळा भाग वाईट असा अजिबात नाही, नागाळा पार्क आणि ताराबाई पार्क ह्यांच्याइतकी शांत, झाडांची वस्ती शहरात दुसरी नाही, कलेक्टर ऑफिस किंवा बावड्याकडं नोकरी असेल तर उंचावरची बिल्डिंग बघून बिनधास्त राहा. फक्त साखर कारखान्यांचा सीझन चालू असताना बावड्याच्या रस्त्याला ऊसाच्या डबल ट्रॉल्या असतात, रात्री गाडी जपून चालवा, मागं रिफ्लेक्टर असेलच असं नाही.

पेठांमध्ये राहायची माझी फार इच्छा होती. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ म्हणजे खरं कोल्हापूर, तालमी, फुटबॉलच्या टीम, गंगावेशीत पहाटे समोर म्हैस पिळून दिलेलं फेसाळ दूध, आणि शेजार असा की आजारी पडलात तर तुम्ही सांगायच्या आधी घरी डबा येतो. ज्यांचं काम गावातच आहे, बँक, कोर्ट, महापालिका, सीपीआर म्हणजे सरकारी हॉस्पिटल, त्यांनी दुसरीकडं बघूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण रोज हायवेला जाणाऱ्यानं तिथं राहायचं म्हणजे आधी बिंदू चौक किंवा मिरजकर तिकटीतून बाहेर निघायचं, आणि नवरात्रात भाविकांच्या गाड्या आल्या की ते अवघड, गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत तर दुसरा दिवस उजाडला तरी रस्ते मोकळे होत नाहीत. चारचाकी असेल तर लावायची कुठं हा प्रश्न वेगळाच.

फुलेवाडी, रिंग रोड, साळोखेनगर हा पट्टा आमच्यासाठी उलट्या टोकाला, म्हणून फार बघितला नाही. पाचगाव, आर. के. नगर, मोरेवाडी मात्र बघितलं, कारण उंचावर आहे, पुराचा प्रश्न नाही, नवीन बिल्डिंगी आहेत, त्याच भाड्यात एक खोली जास्त मिळते. तिथं एक गोष्ट लक्षात घ्या, ही गावं महापालिकेत नाहीत. महापालिका १९७२ ला झाली आणि हद्दवाढीचा वाद वर्षानुवर्षं अडकलेला, त्यामुळे घर दिसायला शहरात, पत्त्यात कोल्हापूर, पण पाणी आणि रस्ता ग्रामपंचायतीचा. उन्हाळ्यात टँकर लागतो का, पाणी किती दिवसांनी येतं, हे घरमालकाला नाही तर खालच्या किराणा दुकानात विचारा. गोकुळ शिरगावला एकट्यानंच जायचं असतं तर मी कदाचित तिथंच घेतलं असतं.

शेवटी आम्ही टाकाळ्याला आलो. राजारामपुरीच्या चौदा गल्ल्या संपल्या की पुढचा हा भाग. जमीन चढाची, पुराचं पाणी इकडं येत नाही. मुलीची शाळा राजारामपुरीत, रेल्वेच्या अलीकडंच, म्हणजे परीख पूल आमच्या वाटेत येतच नाही. नवरा टेंबलाईवाडीवरून उचगावला हायवेला लागतो आणि तावडे हॉटेलच्या चौकावरून सरळ शिरोली. मी विद्यापीठाच्या रस्त्यानं शाहू नाक्यावरून उजळाईवाडीला निघते. भाडं शाहूपुरीच्या त्या फ्लॅटपेक्षा बरंच जास्त आहे आणि खोल्या लहान आहेत, पण मुलीला ताप आला म्हणून शाळेतून फोन आला तेव्हा मी हायवेवरून घरी पोचेपर्यंत कुठंही गाडी थांबवावी लागली नाही, त्या दिवशी ते जास्तीचं भाडं मला कमीच वाटलं.

गाडी नसणाऱ्यांसाठी, केएमटी म्हणजे इथली सिटी बस आहे पण तुमच्या मार्गावर किती बसा चालू आहेत आणि शेवटची किती वाजता हे स्टॉपवर उभं राहूनच कळतं, कागदावरच्या वेळापत्रकावर घर ठरवू नका. हायवेला वडाप, म्हणजे शेअर गाडी, मिळतं, कागलकडं जाणाऱ्या एसट्या असतात. कंपनीची बस असेल तर ती नक्की कुठं थांबते ते आधी एचआरला विचारा आणि त्या पिकअप पॉइंटपासून चालत जाता येईल असंच घर घ्या, सेकंड शिफ्टवाल्या बायकांना तर मी हे बजावूनच सांगते, रात्री बसमधून उतरल्यावर पुढं रिक्षा मिळेलच ह्याच्या भरवशावर राहू नये. आणि हायवेचं सहापदरीचं काम चालू आहे, त्यामुळे आज जिथून वळायला मिळतं तिथून पुढच्या महिन्यात मिळेलच असं नाही. घर पसंत पडलं की टोकन द्यायच्या आधी एकदा शिफ्ट सुटायच्या वेळेला कंपनीच्या गेटपासून त्या घरापर्यंत स्वतः गाडी चालवत या, मॅपवर बघून नको.

शिरोलीचं म्हणाल तर पाणी वाढलं की नवऱ्याची वाट बंद होणारच, आम्ही कुठंही राहिलो असतो तरी शहराच्या बाजूला असल्यावर ते टळत नाही. त्यानं आणि त्याच्या डिपार्टमेंटमधल्या लोकांनी ठरवलंय, बंधारा चाळीसच्या पुढं जायला लागला की पलीकडं राहणाऱ्यांनी ड्युटी सांभाळायची आणि शहरातल्यांनी लवकर निघायचं, मग पाणी उतरल्यावर पलीकडच्यांच्या सुट्ट्या भरून द्यायच्या. शिरोलीत नोकरी लागली असेल आणि घरात शाळेतलं मूल नसेल, तर पुलाच्या पलीकडंच, शिरोली, नागाव, हालोंडीकडं उंचावरचं घर बघा, आणि बघायला जुलै-ऑगस्टमध्येच जा, एजंट थांबा म्हणाला तरी.