पासून-पर्यंत की लांबी?
आज मिहानच्या ऑफिसात दिवसभर जुन्या आरपीजी (आयबीएमची व्यावसायिक कामांसाठीची प्रोग्रामिंग भाषा) प्रोग्रामची डेटा स्ट्रक्चर्स नव्याने लिहिली. जुन्या डी-स्पेकमध्ये (ठराविक रकान्यांत लिहायच्या व्याख्येच्या ओळीत) पॅक्ड फील्ड (एका बाइटमध्ये दोन अंक, शेवटचा अर्धा बाइट अधिक-उणे चिन्हाला) 'स्थान १ ते ४', म्हणजे पहिल्या ते चौथ्या बाइटपर्यंत, एवढंच दिलेलं. म्हणजे ७ अंक, हे वाचणाऱ्याने मनात मोजायचं! ६ अंकी हवं तर पॅकइव्हन हा कीवर्ड वेगळा लिहा. आणि मधलं एखादं फील्ड वाढलं, की खालचे सगळे आकडे बदलत बसा. नव्या मुक्त मांडणीच्या डीसीएल-डीएसमध्ये 'पॅक्ड(७:२)', म्हणजे एकूण ७ अंक, त्यातले २ दशांश, असं लिहिलं, विषय संपला. २०१३ पासून ही सोय आहे; मला तर हीच पद्धत पटते.

टीममधल्या नव्या पोरीने विचारलं, "दादा, मग फील्डची सुरुवातीची जागा सांगणारा पॉस कीवर्ड कशाला ठेवलाय?" बाहेरून आलेल्या फाइलमध्ये फील्डची जागा आधीच ठरलेली असते, तिथे तो हवाच. एरवी बाइट कंपायलरला मोजू द्या.