तुम्ही विचारलंत म्हणून: पोरीला बिल्डिंग मेंटेनन्सला का घातलं

दहावीचा निकाल लागला की हा प्रश्न येतोच. ॲडमिशनला आलेले पालक विचारतात, लग्नात भेटलेले नातेवाईक विचारतात, आमच्या स्टाफरूममधले सायन्सवाले तर दरवर्षी नव्याने विचारतात. सर, तुमच्या मुलीला 84 टक्के होते ना, मग व्होकेशनलला? आणि त्यात पण बिल्डिंग मेंटेनन्स? व्होकेशनल म्हणजे अकरावी-बारावीचा व्यवसाय शिक्षणाचा कोर्स, आणि बिल्डिंग मेंटेनन्स त्यातलाच, इमारतींच्या देखभाल-दुरुस्तीचा, जो मी शिकवतो. विचारणाऱ्यांचा आवाज असा, की मी जणू दहावीतच तिचं लग्न लावून दिलं. आजवर हसून टाळलं, आता एकदाच लिहितो.

पहिलं म्हणजे मी घातलं नाही, ती गेली. हे कुणालाच पटत नाही, बाप त्याच विषयाचा मास्तर म्हणजे बापानेच ढकललं असणार. बरं, घरात जेवताना रोज स्लॅब, नाणी ट्रॅप (बाथरूमच्या फरशीतलं पाणी जायचं तोंड) आणि ब्रिकबॅट कोबा (गळती रोखायला घातलेला विटांच्या तुकड्यांचा थर) हेच विषय असतील तर पोरीच्या कानावर दुसरं काय पडणार, हे मला मान्य आहे. पण फॉर्मवर पहिला पर्याय तिने लिहिला आणि तिची आई आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हती, तिच्याशी नाही, माझ्याशी.

दुसरं, हा नापासांचा वर्ग नाही. एमसीव्हीसी, म्हणजे हाच कोर्स, 1988-89 ला सुरू झालं तेव्हापासून हा शिक्का आहे, आता एचएससी व्होकेशनल म्हणतात तरी शिक्का तोच. मी पालकांना वर्षानुवर्षं एकच भाषण देतो. मुंबई म्हातारी होतेय, शहर भागात 1969 च्या आधीच्या सेसच्या, म्हणजे दुरुस्तीसाठी वेगळा कर भरणाऱ्या, बिल्डिंगा हजारोंनी आहेत, आणि 30 वर्षं झाली की स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, महापालिका कायद्याच्या 353 ब कलमाने करावंच लागतं. वर समुद्राची खारी हवा, सळी गंजली की फुगते, गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, मग काँक्रीटचं कव्हर फुटून खाली येतं. हातोडीने ठोकून सुटलेल्या काँक्रीटचा पोकळ आवाज ओळखणारा माणूस या शहरात उपाशी राहणार नाही. भाषण खोटं नाहीये. पण त्यात एक गोष्ट मी कधी सांगत नाही, ती आता सांगतो.

बारावीच्या ओजेटीत, म्हणजे प्रत्यक्ष कामावरच्या ट्रेनिंगमध्ये, तिला आणि वर्गातल्या एका मुलाला दादरची एक जुनी चार मजली सोसायटी मिळाली होती. मी सुपरव्हिजनला गेलो, जुलै महिना, बाहेर धो धो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या बाथरूमच्या छतावर आणि बाहेरच्या भिंतीवर ही मोठी ओल. सेक्रेटरी, खजिनदार, काकू, सगळे त्या एवढ्याशा बाथरूममध्ये उभे. सेक्रेटरींचं ठरलेलं, वरच्याचं बाथरूम फोडा, त्याच्या खर्चाने. आता ज्यांनी सोसायटीत राहून बघितलंय त्यांना कळेल यात काय आहे. उपविधीप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नियमांप्रमाणे, बाथरूम-सिंकची आतली गळती असेल तर खर्च त्या सभासदाचा, बाहेरची भिंत, कॉमन पाईप किंवा पावसाचं पाणी असेल तर सोसायटीचा.

पोरीने आधी भिंत ठोकली, मग छत, मग डक्टमध्ये, म्हणजे पाईप जातात त्या मोकळ्या जागेत, डोकं घालून टॉर्च मारला. आणि शांतपणे म्हणाली, काका, वरचे लोक पंधरा दिवस गावी आहेत, वरचं बाथरूम कोरडंठाक आहे, आम्ही वॉचमनला घेऊन बघून आलो. तरी ओल वाढतेय, आणि काकू म्हणतात मे महिन्यात हे सगळं सुकलेलं होतं. म्हणजे पाणी पावसाचं आहे. वरचं पाणी खाली आणणाऱ्या डाऊनटेक पाईपच्या जॉइंटपाशी पिंपळ उगवलाय, त्याची मुळं भिंतीच्या भेगेत गेलीयत, तिथून पाणी आत येतंय. झाड मुळासकट काढून भेग भरा, जॉइंट करा, पाऊस थांबला की बाहेरून प्लास्टर. तरी शंका असेल तर वर नाणी ट्रॅप बंद करून 24 तास पाणी भरून ठेवा, खाली उतरलं तर मी चुकले.

एवढं सगळं ऐकून सेक्रेटरी तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "सर, तुमचं काय मत?"

मी तेच सांगितलं. तिचंच वाक्य, माझ्या आवाजात, अर्ध्या लांबीचं. लगेच माना हलल्या, खजिनदार म्हणाले बरोबर आहे सरांचं, परांचीवाल्याला फोन करतो. काकूंनी मला चहा विचारला. तो दुसरा मुलगा, ज्याने त्या दिवशी फक्त टॉर्च धरला होता, त्यालापण विचारला. तिला किचनमध्ये बोलावलं, कप न्यायला.

दादर स्टेशनपर्यंत ती गप्प. प्लॅटफॉर्मवर म्हणाली, "बाबा, तुम्ही बोलायला नको होतं."

यावर आमचं आजपर्यंत जमलेलं नाही. मी म्हणतो, मी गप्प बसलो असतो तर त्यांनी वरच्याचं बाथरूम फोडलं असतं, एका माणसाचा विनाकारण खर्च, आणि ओल तशीच. मी सुपरव्हायझर, विचारल्यावर बोलणं माझं काम होतं. ती म्हणते, फोडू दे ना, मग खाली पाणी थांबलं नसतं आणि त्यांना मलाच परत बोलवावं लागलं असतं. तिचं चूक आहे असं मला अजूनही वाटतं, पण रात्री झोप लागत नाही तेव्हा तेवढंसं वाटत नाही.

नोकरीला लागलो तेव्हा मी पालकांना छातीठोक सांगायचो, हातात काम आलं की मान आपोआप मिळतो. त्या तरुण मास्तरला आज भेटलो तर म्हणेन, बाबा रे, काम मिळतं एवढंच सांग, मानाचं सांगू नको. तो उलट म्हणेल, मग एवढी वर्षं तिथेच का राहिलास? त्याचंही बरोबरच आहे म्हणा.

बारावीनंतर तिने सायनच्या अप्रेंटिसशिप बोर्डात नाव नोंदवून वर्षभर अप्रेंटिसशिप केली, स्टायपेंडमधून स्वतःसाठी हॅमर ड्रिल घेतलं. आता मी मागे लागलोय की डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात ॲडमिशन मिळते, घे. जो माणूस आयुष्यभर कागदापेक्षा हात मोठा म्हणत आला तोच आता कागद आण म्हणतोय, हे तिने मला ऐकवून झालंय. ती म्हणते, डिप्लोमा दाखवल्यावरच सेक्रेटरी माझं ऐकणार असेल तर तुम्ही दोन वर्षं आम्हाला काय शिकवलंत? याला माझ्याकडे उत्तर नाही. फॉर्मची तारीख जवळ आलीय, तिने अजून भरलेला नाही, आणि घरात रोज यावरून वाजतंय. आई या वेळी तिच्या बाजूने आहे.