दोन बोटं

शनिवारी संध्याकाळी काउंटरवर चार माणसं उभी असली की होलसेलरचा फोन हमखास येतो. इंदूरच्या लोकमान्य नगरात माझं औषधांचं छोटं दुकान आहे. त्या दिवशी मदतनीस सुट्टीवर होता, म्हणून दहावीतल्या चिरंजीवांना गल्ल्यावर बसवलं होतं. आमचा अबोला चालू होता. कोचिंगवाल्यांनी टेस्ट रविवारी सकाळी ठेवली होती, नेमकी चर्चमधल्या उपासनेच्या वेळी. मी म्हणत होतो, एक टेस्ट बुडली तर आकाश कोसळत नाही. तो म्हणत होता, एक उपासना बुडली तर कुठे कोसळतं? उत्तर न सुचल्यामुळे मी आवाज चढवला होता. बाप झालं की एवढं येतंच.

आमचे आजोबा नगरहून इथल्या कापडगिरणीत आले. (नगरचं आता अहिल्यानगर झालं. अहिल्याबाईंचं माहेर चौंडी त्याच जिल्ह्यातलं, तेव्हा आमच्या आधी तिथून इंदूरला कोण आलं होतं हे मी पोरांना ऐटीत सांगतो.) घरी आजी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं म्हणायची. आता प्रभूची प्रार्थना घरात मराठीत, चर्चमध्ये हिंदीत आणि शाळेत इंग्रजीत. मागे एकदा पोरानं विचारलं होतं, "पप्पा, चर्चमध्ये आपण अपराधांची क्षमा मागतो आणि घरी म्हणतो ‘आमची ऋणे आम्हांस सोड’. नक्की मागतो काय आपण?" मी हुशारी केली. म्हटलं, बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानात मूळ ग्रीक शब्द कर्जाचाच आहे, लूक मात्र त्याच्या शुभवर्तमानात पापं म्हणतो. आपण दुकानदार, आपल्याला कर्ज बरं समजतं. तो म्हणाला, "म्हणजे उधारीची वही." आणि मोबाइलमध्ये शिरला.

तर त्या शनिवारी सहाच्या सुमारास मागच्या गल्लीतल्या एक काकू आल्या. हातात कापलेल्या स्ट्रिपचा तुकडा, दोन रिकाम्या कप्प्यांचा. मधुमेहाची, साखर उतरवणारी गोळी, ग्लिमेपिराइड. नाव दिसत होतं, पॉवर असते तो भाग कात्रीत गेलेला वाटला. मी खांद्यावर फोन दाबून विचारलं, "कितीची?" त्या म्हणाल्या, "दोन." मी दोन मिलिग्रॅमची स्ट्रिप काढून दिली. त्या स्ट्रिपवर लाल उभी रेघ असते. चिठ्ठीशिवाय देऊ नये, एवढाच तिचा अर्थ. मी चिठ्ठी मागितली नाही. ओळखीच्या माणसाला चिठ्ठी मागायला आम्हा लोकांना उगाच संकोच वाटतो.

सव्वाआठला दुकान आवरताना पोरानं काउंटरवर राहिलेला तो तुकडा उचलला आणि ट्यूबलाइटसमोर तिरका धरला. "पप्पा, इथे कडेला 1 दिसतोय." मी चष्मा वर करून बघितलं. चुरगळलेल्या फॉइलवर खरंच 1 होता.

खरं सांगतो, पहिला विचार काकूंचा आला नाही. लायसन्सचा आला. दुसरा आला की सकाळची गोळी सकाळीच घेतील, उद्या उपासनेहून येताना जाऊन बदलून देऊ. मी तोंडानं म्हणालोही, "त्या दोन म्हणाल्या होत्या." पोरगा काही बोलला नाही. त्यानं मोबाइलवर कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मागे नेलं आणि माझ्यासमोर धरलं. त्यात आवाज नाही. काकू बोलताहेत, दोन बोटं वर करताहेत, मग तीच बोटं स्ट्रिपच्या तुकड्यावर टेकवून पुन्हा वर. दोन स्ट्रिप हव्या होत्या त्यांना. मी पाठ फिरवून ड्रॉवर उघडतोय. मग एकच स्ट्रिप हातात आल्यावर त्या तिच्याकडे बघतात, माझ्याकडे बघतात, मी फोनवरच, आणि पैसे मोजून निघून जातात.

मला पोराचा राग आला, हेही लिहून ठेवतो. त्यानं बघितलं नसतं तर उद्यावर ढकलता आलं असतं.

घर नक्की कुठलं ते माहीत नव्हतं. रेकॉर्डिंगमध्ये त्यांच्या पिशवीतून सांची ब्रँडच्या दुधाची पिशवी डोकावत होती, म्हणून शेजारच्या दुधाच्या बूथवाल्याला विचारलं. "अरे भिया, वो तो पीली बिल्डिंग, दूसरा माला, अकेली रहती हैं." एक मिलिग्रॅमच्या दोन स्ट्रिप आणि ग्लुकोमीटर खिशात टाकला आणि निघालो. जिना चढताना मी वाक्य जुळवत होतो: काकू, कंपनीनं पॅकिंग बदललंय, त्यामुळे जरा घोटाळा झाला. चांगलं वाक्य होतं. पोरगा एक पायरी मागे होता.

दार उघडलं आणि ते वाक्य गेलं. जानेवारीची थंडी, अंगावर शाल, आणि काकूंच्या कपाळावर घाम. बोटं थरथरत होती. "मी चुकीची गोळी दिली," मी म्हणालो, "घेतलीत का?"

घेतली होती. दुपारपासून चुकलेली म्हणून घरी आल्या आल्या, साडेसहाला. आणि त्या दिवशी संकष्टी. सकाळपासून थोडी साबुदाण्याची खिचडी आणि चहा. जेवण चंद्रोदयानंतर. साखर बघितली: 58. सत्तरच्या खाली गेली की थांबायचं नसतं. "आधी साखरपाणी घ्या," म्हटलं. काकू म्हणाल्या, "चंद्र दिसल्याशिवाय मी…" मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. "साखर उपासाला चालते, काकू." चमच्यासाठी हात डब्यात घातला तर माझाच हात कापत होता. तीन चमचे साखर अर्ध्या ग्लासात. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघितली: 79.

मी त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि स्वतःचं नाव, दुकान, चूक, सगळं सांगितलं. ते दोन क्षण गप्प राहिले, मग म्हणाले की ही गोळी लांब चालते, साखर पुन्हा उतरू शकते. आता पोटभर जेवू द्या, रात्री दोनदा तपासा, पुन्हा सत्तरच्या खाली गेली तर सरळ दवाखान्यात आणा. जेवण तयार होतं. अडलं होतं ते चंद्राशी. समोर नवी चार मजली इमारत, तिच्याआड पूर्व दिशा. "गच्चीवरून दिसतो," काकू म्हणाल्या, "पण आज गुडघे…"

पोरगा आधीच जिन्यात होता.

ती दहा मिनिटं मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून होतो. भिंतीवर कालनिर्णय, ओट्यावर झाकलेले मोदक. माफी मागितली. काकू म्हणाल्या, "मीच धड बोलायला हवं होतं, तुमचा फोन चालू होता." ते मला जास्त लागलं. वरून आवाज आला, "दिसला! दिसला, काकू!" आमच्या घरातल्या पोरानं संकष्टीचा चंद्र शोधायला गच्ची गाठली होती, आणि आमची आजी असती तर काय म्हणाली असती, याचा विचार करायला मला त्या क्षणी फुरसत नव्हती.

काकूंनी हात जोडले, जेवल्या. मग पोरापुढे वाटी केली आणि थबकल्या. "तुमच्यात प्रसाद चालत नाही ना? नैवेद्याचं पान मी वेगळं काढलंय. हे पातेल्यातले आहेत." मोदकांवरून आमच्या घरात किती वर्षं वाद आहेत, हे त्यांना कुठून ठाऊक असणार! पोरानं माझ्याकडे पाहिलं. बायबलात पौलानं करिंथच्या मंडळीला याच, मूर्तीपुढे ठेवलेल्या अन्नाच्या, विषयावर बरंच लिहिलंय, पण मी फक्त मान हलवली. त्यानं दोन खाल्ले.

रात्री अकराला आणि दोनला मी परत गेलो. दोन्ही वेळा तो बरोबर आला. टेस्टचं मी काढलं नाही, त्यानंही नाही.

रविवारी सकाळी तो टेस्टलाच गेला. मी चर्चमध्ये ‘अपराध’ म्हणालो. दुपारी तो उशिरा घरी आला, जेवायला बसला, तेव्हा डाव्या तळहातावर बॉलपेननं काहीतरी लिहिलेलं दिसलं. विचारलं, पेपरातलं का? त्यानं हात उघडला. 148.

"काकूंची," तो म्हणाला, "जेवणानंतरची."