वाई ते शिवाजीनगर: खांद्यांवरच्या केसांसाठी २२ फेऱ्या

जानेवारी २०२४ ते ऑगस्ट २०२५ या वीस महिन्यांत मी वाईहून पुण्याला २२ वेळा गेलो. काम प्रत्येक वेळी एकच, खांद्यांवरचे आणि पाठीच्या वरच्या भागातले केस इलेक्ट्रोलिसिसने, म्हणजे बारीक सुईतून करंट सोडून एकेका केसाचं मूळ मारून, काढून घ्यायचं. एकूण ४२ तास सुईखाली गेले. अर्ध्या तासाला ८०० रुपये या दराने ६७,२०० रुपये झाले, एसटीचे आणि जेवणाचे वेगळे. सुरुवात करण्याआधी कुणा पुरुषाने याबद्दल मराठीत लिहिलंय का ते मी खूप शोधलं. जे सापडलं ते सगळं बायकांच्या हनुवटीबद्दल आणि ओठांवरच्या लवेबद्दल होतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माझं वय ४१. वाईत वाढलेल्या मुलाचा उन्हाळा कृष्णेच्या घाटावरच जातो, माझाही गेला. खांद्यांवर दाट केस आले ते विशी उलटल्यावर. बावीस वर्षांचा असताना एकदा घाटावर शर्ट काढला आणि मागून कुणीतरी म्हणालं, “अस्वल आलं रे.” सगळे हसले. त्यानंतर मी कधी पाण्यात उतरलो नाही. घरी सत्यनारायणाला सोवळं नेसून बसायचं तरी उपरणं दोन्ही खांद्यांवरून ओढून घ्यायचो आणि पूजाभर ते सरकत तर नाही ना, इकडेच लक्ष. वडील म्हणायचे, पुरुषाच्या अंगावर केस असायचेच. खरं आहे, आणि ज्यांना त्याचं काही वाटत नाही त्यांनी यातलं काहीही करू नये. मला वाटत होतं. बायको एवढंच म्हणाली, “तुम्हाला त्रास होतोय ना, मग करून टाका. कुणाला विचारायचंय त्यात?”

आधी लेसर केलं होतं, सहा सिटिंग. मधले राठ काळे केस बरेच विरळ झाले, पण कडेला, दंडाच्या वरच्या बाजूला, जिथं नुसती लव होती तिथं जाड केस उगवायला लागले. लेसरनंतर काही जणांना असं होतं, आणि गव्हाळ-सावळ्या कातडीच्या लोकांमध्ये, विशेषतः पुरुषांच्या खांद्या-पाठीवर, ते माहीत असलेलं आहे. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. दुसरी अडचण पांढऱ्या केसांची. लेसरचा प्रकाश केसातला काळा रंग शोषून घेतो आणि त्या उष्णतेने मूळ जळतं. पांढऱ्या केसात रंगच नाही, तर लेसर त्याला करणार काय? चाळिशीला आलेल्या माणसाने हा हिशोब आधीच करावा. इलेक्ट्रोलिसिसमध्ये केस काळा की पांढरा, कातडी गोरी की सावळी, याने फरक पडत नाही, कारण सुई थेट मुळापर्यंत जाते. अमेरिकेचं औषध प्रशासनसुद्धा ‘कायमचे केस काढणं’ हे शब्द इलेक्ट्रोलिसिसलाच वापरू देतं. लेसरला ‘कायमचे कमी करणं’ एवढंच म्हणता येतं.

पुण्यात फोन लावायला लागलो तेव्हा पहिल्या तीन ठिकाणी “फक्त लेडीज” ऐकायला मिळालं. चौथ्याने या म्हणून सांगितलं आणि मी गेलो. ती माझी चूक. तिथली मुलगी भराभर सुया टोचत होती आणि चिमट्याने केस ओढताना प्रत्येक वेळी कातडी उचलली जाऊन टचकन लागत होतं. मला वाटलं, असंच असेल. आठवड्याने खपल्या पडल्या आणि डाव्या खांद्यावर रुपयाएवढ्या जागेत काळे ठिपके राहिले. ते जायला पाच महिने लागले, आणि केस तर सहा आठवड्यांतच परत आले.

मग शिवाजीनगरच्या एका त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या ताई भेटल्या. पन्नाशीच्या असाव्यात, पंचवीस वर्षं हेच काम करतायत. पहिल्या दिवशी त्यांनी पूर्ण सिटिंग दिलंच नाही. म्हणाल्या, “दादा, आज अर्धा तास, पाठीवर तळहाताएवढी जागा. तीन आठवड्यांनी या, कातडी कशी भरते ते बघू, मग पुढचं.” मी पुण्याला एवढ्या लांबून आलोय म्हटल्यावरही त्या बधल्या नाहीत. आज वाटतं, तो अर्धा तास सगळ्यात कामाचा होता.

त्या दिवशी त्यांनी पाच-सहा केस पांढऱ्या टिश्यूवर काढून ठेवले आणि भिंग माझ्या हातात दिलं. तीन केसांच्या तळाला काळा टपोरा ठिपका होता आणि त्याच्याभोवती पारदर्शक, ओलसर, डिंकासारखं आवरण. एका केसाचं टोक कोरडं, पांढरट, टाचणीच्या डोक्यासारखं. “हे काळ्या मुळाचे वाढीला लागलेले. यांचं मूळ आपण नीट गाठलं. हा पांढऱ्या टोकाचा झोपलेला. हा कदाचित परत येईल.” आणि सगळ्यात महत्त्वाचं त्यांनी पुढं सांगितलं. करंट नीट लागला असेल तर केस चिमट्यात आपोआप सरकून येतो, लोण्यातून सुरी काढावी तसा. ओढल्यासारखं, उपटल्यासारखं वाटलं तर मूळ जिवंत आहे. “तसं वाटलं तर लगेच सांगायचं, लाजायचं नाही.”

नवीन जागी जाणाऱ्याने एवढी एकच खूण लक्षात ठेवली तरी पुरे. मशीन कुठल्या कंपनीचं, किती लाखाचं, हे विचारून काही कळत नाही. हात कळतो, आणि तो पहिल्या दहा केसांत कळतो. ओढ लागत असेल तर सांगा. सांगूनही लागत राहिली तर पैसे द्या आणि उठून या.

आत काय होतं ते थोडक्यात सांगतो, कारण ते कळल्यावर माझी निम्मी भीती गेली. पद्धत जुनी आहे. अमेरिकेत सेंट लुइस शहरातल्या चार्ल्स मिशेल नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने १८७५ साली ती पहिल्यांदा मांडली, तीही सौंदर्यासाठी नव्हे, डोळ्यात वळून बुबुळाला टोचणाऱ्या पापण्यांच्या केसांसाठी. केसाएवढी बारीक सुई केसाच्याच छिद्रातून खाली सोडतात. कातडीला नवं भोक पडत नाही, म्हणून रक्त येत नाही, यायला नकोच. एका प्रकारात साधा एकदिशा प्रवाह सोडतात, त्याने तिथल्या खारट ओलाव्यापासून कॉस्टिक सोडा तयार होतो आणि तो मूळ खातो. दुसऱ्यात उच्च वारंवारितेचा प्रवाह, त्याने ओलावा तापून मूळ भाजलं जातं. तिसरा प्रकार दोन्हींचा मेळ, त्याला ब्लेंड म्हणतात. माझ्या राठ केसांना ताई ब्लेंड वापरायच्या आणि लवेला नुसती उष्णता. ब्लेंडमध्ये ओल्या स्पंजात गुंडाळलेली धातूची दांडी आपल्याला हातात धरून ठेवावी लागते, करंटचं वर्तुळ त्यातून पूर्ण होतं. स्पंज वाळला की हाताला मुंग्या येतात. ओला करून मागायचा.

वेग मिनिटाला चार-पाच केस. म्हणजे बेचाळीस तासांत दहा हजारांच्या वर वेळा सुई आत गेली. आणि वीस महिने का? अंगावरचे सगळे केस एका वेळी वाढीला लागलेले नसतात. बरेच झोपलेले असतात, काही तर कातडीच्या वर दिसतही नाहीत. ते जागे होतील तसे एकेक गाठायचे. पहिले चार महिने आरशात काडीचा फरक दिसत नव्हता आणि मी सोडून द्यायच्या बेतात होतो. सातव्या महिन्यात एकदा आंघोळ करताना खांद्यावरून हात फिरला आणि तिथं नुसती कातडी लागली.

आता प्रवास. सकाळी सहाच्या आसपासची स्वारगेट एसटी धरायची. सुरूरला हायवेला लागली की खंबाटकीचा बोगदा, शिरवळ, कात्रज करत साडेआठ-नऊपर्यंत स्वारगेटला येते. सोमवारी सकाळी आणि रविवारी संध्याकाळी गर्दीने जीव जातो, मी मंगळवार-बुधवार ठरवून टाकले. सुरुवातीला स्वारगेटहून रिक्षा करायचो. सप्टेंबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत आली आणि मोठी सोय झाली, थेट शिवाजीनगरला घाम न येता पोचतो. घाम न येणं ही इथं चैन नाही. जाताना घामेजलेल्या कातडीवर सुई नीट बसत नाही, आणि येताना ताज्या छिद्रांत घाम गेला की आग होते आणि पुटकुळ्या येतात.

जाताना पोट भरलेलं असू द्या. उपाशीपोटी दुखणं जास्त जाणवतं, निदान मला तरी. चहा मी त्या दिवशी एकच घ्यायचो. केस तीन-चार दिवस आधी वस्तऱ्याने किंवा ट्रिमरने काढून घ्यायचे, म्हणजे जेवढे पुन्हा वर आले तेवढे वाढीला लागलेले, तेच पकडायचे. वॅक्सिंग, उपटणं, थ्रेडिंग पूर्ण बंद. मुळासकट केस उपटला तर सुईला वाट दाखवायला काही राहत नाही आणि मधले कित्येक आठवडे फुकट जातात.

दुखतं का? दुखतं. तापलेली टाचणी लागल्यासारखं, दर वेळी तेवढ्यापुरतं. पाठीवर सहन होतं, मणक्याजवळ आणि मानेच्या खाली जास्त. भूल देणारं मलम लावायचं तर तास-सव्वा तास आधी लावून वर प्लास्टिकची पट्टी गुंडाळावी लागते, म्हणून मी साडेनऊलाच पोचायचो आणि सिटिंग पावणेअकराला. एक गोष्ट कळकळीने सांगतो, हे मलम मनाने पूर्ण पाठीला चोपडू नका. त्यातलं औषध रक्तात उतरतं आणि मोठ्या भागावर लावलं तर ते जिवावर बेतू शकतं. त्या दिवशी जेवढी जागा करायची तेवढीच, आणि किती लावायचं ते डॉक्टरांना विचारून.

परतीच्या प्रवासात माझी दुसरी चूक झाली. तिसऱ्या फेरीला पाठपिशवी दोन्ही खांद्यांवर अडकवून निघालो. खंबाटकीला जाताना गाडी बोगद्यातून जायची, पण येताना घाट चढायची, आणि प्रत्येक वळणाला पट्टा आणि रेक्झिनची सीट दोन्ही घासत होते. घरी येईपर्यंत बनियनला चिकट पाणी लागलं होतं आणि पुढचे दहा दिवस जंतुनाशक मलम लावण्यात गेले. तेव्हापासून हातातली पिशवी, सैल सुती शर्ट, आणि सीटला न टेकता थोडं पुढं सरकून बसणं. ऊन टाळायचं असेल तर जाताना आणि येताना दोन्ही वेळा गाडीच्या डाव्या बाजूला बसा. सकाळी उत्तरेला जाताना सूर्य उजवीकडे असतो, दुपारनंतर दक्षिणेला येतानाही उजवीकडेच.

पहिले दोन दिवस व्यायाम, गरम पाणी, साबणाने चोळणं, पोहणं, काही नाही. बारीक खपल्या धरतात, त्या आपोआप पडू द्यायच्या. खाज सुटते, तरी नख लावायचं नाही. आपल्या कातडीला डाग पटकन धरतात आणि ते उन्हाने आणखी गडद होतात. मोठ्या सिटिंग शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्या. एप्रिल-मेमध्ये मी अंतर वाढवून घेतलं होतं.

सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा, दर वेळी नवीन. कावीळ ब आणि क सुईतून पसरतात, यात भीड धरायची गरज नाही.

कुणी करू नये हेही लिहितो. ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी अजिबात नाही. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच थांबल्या असतील, मधुमेह असेल, रक्त पातळ करायचं औषध असेल, तर आधी डॉक्टर. आणि जखम भरल्यावर कातडी फुगून वर येते का ते बघा. खांदे आणि छाती या जागा अशा गाठींसाठी कुप्रसिद्ध आहेत. सोपी परीक्षा दंडावर आहे, लहानपणीच्या बीसीजीच्या लसीची खूण. ती सपाट किंवा खोलगट असेल तर ठीक. ती फुगून, जाड होऊन वर आली असेल तर सुई लावायच्या आधी डॉक्टरांना ती दाखवा. ताईंनी माझ्या पाठीला हात लावण्याआधी तीच बघितली होती.

छातीचे केस मी ठेवले. त्यांचा मला कधी त्रास नव्हता, आणि एवढ्या मोठ्या भागाला आणखी दोन वर्षं आणि लाखभर रुपये गेले असते. कुठं थांबायचं ते सुरू करतानाच ठरवा आणि लिहून ठेवा. टेबलावर पालथं पडल्यावर “हेही करून टाकू” असं सारखं वाटत राहतं.

शेवटची फेरी ऑगस्टमधली. ताईंनी दिवा जवळ ओढून दोन्ही खांदे बोटांनी ताणून ताणून बघितले, जेमतेम अर्धा तास काम निघालं. म्हणाल्या, आता सहा महिने येऊ नका, काही दिसलं तर उपटू नका, वाढू द्या. आतापर्यंत उजव्या खांद्याच्या मागच्या बाजूला तीन दिसलेत. बायकोने मोजले. तसेच ठेवलेत, फेब्रुवारीतल्या एका बुधवारची वेळ घेतली आहे.