मामाबरोबर कुंभारजुव्याच्या कालव्यात

मामा गोव्यात खनिज वाहणाऱ्या बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मालबोटीवर, खलाशी होता. २०१२ साली खाणी बंद पडल्या आणि त्याचं पाण्यावर जाणं सुटलं. गेल्या रविवारी तो पुन्हा कुंभारजुव्याच्या कालव्यात आला, ओळखीच्या एका माणसाच्या लहानशा होडीतून.

मांडवी आणि जुवारी या नद्यांना आतल्या आत जोडणारी ही वाट, १५-१७ किलोमीटरची. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा आणि वर खवळलेला दर्या, म्हणून मुरगाव बंदराला जाणारे बार्ज इथून वळवत. धो धो पावसात, रात्री, सर्चलाइटच्या उजेडात काठ शोधत जायचं. "वळण आलं की कोणी बोलायचं नाही. बार्जला ब्रेक नसतो गो."

बाणस्तारीचा पूल मागे पडला. ओहोटी होती. खारफुटीच्या मुळांवर पाण्याची ओली रेघ हातभर वर राहिलेली. मामानं ती बघितली आणि होडीवाल्याला म्हणाला, "डावीकडे घालू नको, रुतशील."

पुढच्याच वळणावर तो कुजबुजला, "पळय."

चिखलात मगर पडली होती, जबडा वासून. दातांच्या मुळाशी चिखल वाळून पांढरा झालेला. आम्ही सरकत गेलो तरी हलली नाही. दुर्भाटला पौष अमावास्येला चिखलाची अशीच मगर घडवून पुजतात, मानगे थापणी म्हणतात तिला. खाजनातल्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतांतल्या, माणसांना ही राखणदार वाटते, आणि ती पाहिल्यावर मलाही त्यात काही नवल वाटलं नाही.

खाजनाचे बांधही याच चिखलाचे. एका ठिकाणी मानशीच्या, पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराच्या, बाजूचा बांध खचला होता, आतल्या शेतात खारं पाणी साचलेलं. मामा बराच वेळ तिकडेच बघत राहिला.

"आमच्या लाटा इथं आपटायच्या," तो म्हणाला. "बांधावरून शेतकरी हात करायचे, हळू चला म्हणून. आम्हाला बंदर गाठायची घाई."

आजीचं कोरगुटाचं, खाऱ्या मातीत तगणाऱ्या भाताचं, शेत असल्याच एका बांधाआड होतं. ते मी बोलले नाही, त्याला ठाऊकच होतं.

त्यानं होडीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "इंजिन कमी कर बाबा."

आवाज उतरला. आमच्या मागची लाट बांधाकडे गेली आणि खारफुटीच्या मुळांतच विरली. मामा ती शेवटपर्यंत बघत होता.