एल्फांचा बंदी घातलेला पंथ रचताना आधी जिवंत साक्षीदार मोजा

टेबलाभोवती बसून पात्रं वठवायच्या बहुतेक खेळांत बंदी घातलेला पंथ ठरलेल्या साच्यातून येतो. हजार वर्षांपूर्वी काळे झगे, वेदीवर रक्त, मग राजाने सगळ्यांचा नायनाट केला आणि आता कोणाला काही ठाऊक नाही. माणसांच्या राज्यात हे चालून जातं. एल्फांच्या, म्हणजे शेकडो वर्षं जगणाऱ्या काल्पनिक लोकांच्या राज्यात पहिल्याच सत्रात कोणीतरी विचारतं, "ज्याने हुकमावर शिक्का मारला तो कारकून कुठे राहतो?" आणि खरंच, तो तिथेच, त्याच कचेरीत बसलेला असायला हवा.

डंजन्स अँड ड्रॅगन्स या अशाच खेळाच्या पाचव्या आवृत्तीत एल्फ शंभरीच्या आसपास प्रौढ धरला जातो आणि साडेसातशे वर्षांपर्यंत जगू शकतो. म्हणजे बंदी पाहिलेला एकही प्रौढ जिवंत नको असेल, तर ती साडेसहाशे वर्षांहून जुनी हवी. अडीचशे वर्षांपूर्वीची धरली, तर निम्मं शहर प्रत्यक्षदर्शी. जपानमध्ये १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली आणि १८६५ साली नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये लपून राहिलेल्या गावकऱ्यांनी पाद्र्याला आपली ओळख दिली. मधल्या अडीचशे वर्षांत पिढ्यांमागून पिढ्या गेल्या, प्रार्थनेतल्या लॅटिन शब्दांचा पार चुरा झाला. एल्फांत तोच काळ एका माणसाची मधली वर्षं. प्रार्थना बिघडायला तोंडं बदलावी लागतात, इथे ती बदलतच नाहीत.

आम्ही बंदी चारशे वर्षांपूर्वी ठेवतो. तेव्हाचा तरुण आज पाचशेचा, मोक्याच्या पदावर. तेव्हाचा न्यायाधीश आज सातशेच्या पुढे, थकलेला पण जिवंत. तेव्हाचं पोर आज साडेचारशेचं, आणि त्याच्या आईबापांचं काय झालं ते त्याला स्वच्छ आठवतं. सूड, पश्चात्ताप आणि अर्धवट माहिती, तिन्ही एकाच गावात नांदतात.

आता पंथ. बडोद्यातल्या आमच्या टेबलावर चालणारा नमुना पुढे देतो, नाव विसरपंथ. सगळं काल्पनिक आहे, हवं ते उचला.

एल्फ काही विसरत नाहीत, ही या राज्याची मूळ अडचण. साडेसहाशे वर्षांपूर्वीच्या युद्धातला मुलाचा मृत्यू आजही काल घडल्यासारखा टोचतो. युद्धातली प्रेतं नदीपार नेणाऱ्या नावाड्यांमध्ये, ६२० वर्षांपूर्वी, एक विधी सुरू झाला. एल्फ झोपत नाहीत, चार तास ध्यानात जातात. ध्यानाला बसण्याआधी सुती दोऱ्याला एक गाठ मारायची, ती आठवण शेजारी बसलेल्या राखणदाराला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायची, दोरा त्याच्या हातात द्यायचा. चार तासांत राखणदार गाठ सोडवतो. एल्फ डोळे उघडतो तेव्हा ती आठवण गेलेली असते. एका जन्मात नऊ गाठी, जास्त नाहीत. नऊच का, तर दहावी घेतलेला माणूस स्वतःचं नावही सांगू शकला नाही, असं नावाडी सांगतात. खरं असो नसो, पंथाला स्वतःचा एक नियम हवाच. नियम नसलेला पंथ म्हणजे नुसती टोळी.

बंदीचं कारण मात्र देवाधर्मात शोधू नका. पंथाला कोणाच्या तरी पैशाच्या किंवा जमिनीच्या आड येऊ द्या, इतिहास आपोआप उभा राहतो. या राज्यात लेखी दस्तऐवज नव्हते. सगळेच सगळं लक्षात ठेवतात, मग लिहायचं कशाला? शेताची हद्द गावचे पंच सांगत, तेच खरेदीखत. ५४० वर्षांपूर्वी एका दाव्यात चारही पंचांनी गाठ सोडून घेतलेली निघाली. दुःख हलकं करण्यासाठी नव्हे, सावकाराने पैसे चारले म्हणून. तिथून पुढे विसर विकत मिळू लागला. राज्याला कागद सुरू करावा लागला आणि दफ्तरातला पहिला कागद निघाला तो या पंथाविरुद्धचा, ५१५ वर्षांपूर्वी. खेळाडूंच्या हातात तो असा द्या:

"विसरपंथी यांणीं घाटावर पांचांहून अधिक माणूस जमवूं नये. सामाईक पेटी ठेवूं नये. कोणी विसर घेऊं म्हणेल त्यानें आधीं पंचांसमोर साक्ष घालावी, पंचांनीं ती घोकून घ्यावी, मग जें करणें तें करावें. येविशीं उजूर केलिया जमीन जप्त होईल. जाणिजे."

पाच माणसं आणि सामाईक पेटी ही कलमं आम्ही रोमकडून उचलली. इसवी सनापूर्वी १८६ मध्ये रोमच्या सिनेटने बॅकस या मद्यदेवतेच्या उपासनेवर निर्बंध घातले. तो ठराव कोरलेला काशाचा पत्रा १६४० साली दक्षिण इटलीत सापडला. परवानगीशिवाय पाचांहून जास्त नकोत, त्यातही दोन पुरुष आणि तीन बायका, सामाईक पैसा नको, पुरुष पुजारी नको. देव कोण यावर फारसा वाद नाही, माणसं एकत्र येतात आणि पैसा जमतो याचीच धास्ती. हुकूम लिहायला बसलात की प्रत्येक कलमाखाली स्वतःसाठी एक ओळ लिहा: ही भीती कोणाची? उत्तर सुचलं नाही तर कलम खोडा.

पूर्ण बंदी ४०० वर्षांपूर्वी आली. कंपनी सरकारने १८३६ साली ठगांविरुद्ध कायदा केला, त्यात टोळीत कधीही सामील होता एवढं सिद्ध झालं की जन्मठेप, वेगळा गुन्हा दाखवायची गरज नाही. तसंच कलम इथे घाला आणि पुढची गंमत बघा. ज्याने पंथात असल्याची आठवणच सोडून दिली त्याला शिक्षा द्यायची कशी? तो कबूल होणार नाही आणि खोटंही बोलत नसेल. मग दरबार माफीच्या साक्षीदारांवर विसंबतो आणि माफीचा साक्षीदार सुटकेसाठी मागाल तितकी नावं देतो. ठगांबद्दलचं बरंचसं लिखाण अशाच जबान्यांवर उभं आहे, त्यातला कालीचा गुप्त पंथ किती खरा आणि किती कागदावर रचलेला यावर इतिहासकारांत मतभेद आहेत.

जबान्यांचे कागद करणार असाल तर तीन करा. दोन जवळजवळ शब्दशः सारखे, तिसरा अडखळत, भलत्याच तपशिलांनी भरलेला. १३ ऑक्टोबर १३०७ ला फ्रान्समध्ये टेम्पलर हे ख्रिस्ती धर्मयोद्धे पकडले गेले, त्यांच्या कबुल्या एकमेकींसारख्या आहेत, कारण विचारणाऱ्यांची प्रश्नांची यादी एकच होती आणि सोबत छळ होता. आपल्या तीन कागदांतही तिसराच खरा ठेवा. खेळाडू आधी सारख्या दोनांवर विश्वास ठेवतात, अगदी हमखास.

आकडे पक्के करा, नाहीतर दर सत्रात पंथ लहानमोठा होत राहतो. राज्यात ४०,००० एल्फ, ऐन भरात पंथात १,२००, राखणदार बारा. माणशी नऊ गाठी धरल्या तर १०,८०० आठवणी, दर राखणदाराकडे ९००. राखणदार स्वतः कधीच विसर घेत नाही, त्याच्याकडे दुसऱ्याचं सगळं साठलेलं. एका राखणदाराकडून दुसऱ्याकडे आठवण जाते तीही एका ध्यानात एकच. आज एकच राखणदार उरलाय, वय ७२०, आणि बाकी अकरांनी मरण्याआधी आपापला साठा त्याच्यापर्यंत पोचवला. रोज रात्री एक देत गेला तर १०,८०० रात्री, म्हणजे साडेएकोणतीस वर्षं. त्याच्याकडे फार तर तीस. त्या साठ्यात जुन्या शेतांच्या खऱ्या हद्दी आहेत, त्यामुळे अर्धे सरदार त्याला मारायला निघालेत आणि अर्धे त्याला दरबारात उभं करायला. या एका भागाकारावर आठ-दहा सत्रं निघतात. वारसा हातातून हातातच जात असेल तर पंथाचा शेवट मोजता येतो. दक्षिण फ्रान्सच्या कॅथर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांत दीक्षा दीक्षित माणसाच्या हातूनच मिळे, १३२१ साली तिथला शेवटचा माहीत असलेला दीक्षित जाळला गेला आणि देणारंच कोणी उरलं नाही.

मुलांमार्फत पंथ टिकवायचा मोह आवरा. शंभर वर्षांत घरटी एखादं मूल होणाऱ्या समाजात घरातून घरात वारसा जातच नाही, नवा माणूस बाहेरूनच आणावा लागतो आणि बाहेरचा प्रत्येक माणूस फितूर निघू शकतो. भरती अवघड ठेवा, म्हणजे खेळाडूंचं पात्र आत शिरलं तर त्याला किंमत येते.

राखणदाराचे मदतनीस कोणाची गाठ कोणत्या रात्री सुटली याची यादी ठेवतात, तिला लिपी लागते. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत ठेवले होते, बाहेरच्या अभ्यासकांना त्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उलगडल्या. टेबलावर सोपी अदलाबदल पुरते: मात्रा तशाच, क-वर्ग आणि त-वर्ग एकमेकांच्या जागी, च-वर्ग आणि प-वर्ग एकमेकांच्या जागी, ट-वर्ग आणि ळ जागच्या जागी, य-र-ल-व च्या बदल्यात श-ष-स-ह. एक खड्डा टाळा. न चा ङ आणि म चा ञ होऊ दिलात तर पहिल्या ओळीतच बिंग फुटतं, म्हणून न आणि म आपसात बदला आणि ङ, ञ मुळात वापरूच नका. असं केलं की नदी ची मगी होते, विसर चा हिलष, आणि रात्री ची षाक्षी. शेवटचा शब्द खेळाडू हमखास साक्षी म्हणून वाचतात आणि अर्धा तास चुकीच्या वाटेने जातात, तो मुद्दाम ठेवा. मजकूर साठ शब्दांपेक्षा कमी नको, नाहीतर अंदाज बांधायला जागाच नाही. ष फार वेळा येतो हे ज्याच्या लक्षात येतं त्याला र सापडतो आणि तिथून दार उघडतं.

राजधानीचा नकाशा शून्यातून काढत बसू नका. आपल्या जुन्या बडोदे शहराचा घ्या: मधोमध मांडवी, चार दिशांना लहेरीपुरा, पाणीगेट, गेंडीगेट आणि चांपानेर दरवाजा. चार दरवाजे म्हणजे चार पहारे, आणि पळून जायला निघालेल्या खेळाडूंना निवड करावीच लागते. घाटाला विश्वामित्री नदी ठेवा, मगरींसकट. पहारेकरी रात्री काठापर्यंत येतात, पाण्यात उतरत नाहीत, नावाडी उतरतात, एवढ्याने पंथ शहरातच कसा टिकला हे सुटतं. लपायला वाव, म्हणजे पायऱ्यांची खोल विहीर, उत्तम. पावसाळ्यात खालचे मजले पाण्याखाली, वैशाखात उघडे, म्हणजे तिथला पुरावा वर्षातून दोनच महिने हाती लागतो. खेळातली तारीख आधी ठरवून ठेवा, नाहीतर आषाढात कोणी तळाशी उतरायला निघतं आणि तुम्हाला नियम मोडावा लागतो.

कागद जुने करताना: अर्धा लिटर पाण्यात तीन चमचे चहापूड दहा मिनिटं उकळून गाळा, निवल्यावर ताटात ओता, कागद दोन मिनिटं बुडवा. इंकजेटची छपाई आणि जेल पेन दोन्ही फुटतात. लेझर छपाई चालते, किंवा कागद आधी रंगवून वाळवा आणि मग बॉलपेनने लिहा. ओला असताना घडी घालू नका, घडीवरच फाटतो. मे महिन्यात गच्चीवर बघता बघता वाळतात, पावसाळ्यात पंख्याखाली रात्रभर ठेवूनही दमटच राहतात आणि चहाला बुरशी धरते. एका कागदावर शंभर-सव्वाशे शब्दांच्या वर जाऊ नका, सेवउसळीची प्लेट समोर आल्यावर त्याहून जास्त कोणी वाचत नाही.

एका सत्रात एकच कागद द्या. आधी हुकूम, मग सारख्या दोन जबान्यांपैकी एक, पुढच्या वेळी दुसरी. तिसरी जबानी मागितल्याशिवाय देऊ नका, ती दफ्तरातल्या त्या पाचशे वर्षांच्या कारकुनाकडेच आहे आणि फासा टाकून मिळत नाही. त्याच्या कोणत्या आठवणीची गाठ कधी सुटली होती, हे खेळाडूंनी शोधून आणलं तरच तो कपाट उघडतो.