बारा लिटरचा टँक, तीन स्पंज आणि जळगावचा उन्हाळा

फेब्रुवारी, दुसरा आठवडा

माशांचा नवा टँक १२ × ८ × १० इंचांचा. वरून इंचभर रिकामा ठेवला तर हिशेबाने १४ लिटर, वाळू आणि दगड वजा जाता पाणी १२ लिटरच. खोक्यावर छापलेल्या लिटरवर जाऊ नका. आधी आपलं खरं पाणी मोजा, मग फिल्टर बघा. राहणार गप्पी मासे, एक नर आणि तीन माद्या. यांना जवळपास दर महिन्याला पिल्लं होतात आणि मोटरचा फिल्टर ती ओढून घेतो, म्हणून स्पंज फिल्टर ठरलाच होता: एअर पंपाचे बुडबुडे नळीतून वर चढतात आणि पाणी फोममधून ओढून घेतात. प्रश्न मापाचा.

दुकानातल्या भाऊंनी दोन फुटी टँकचा काढून दिला. "मोठाच न्या, टेन्शन नाही." व्यास १२ सेंटीमीटर, उंची ९. बसवल्यावर आई बघून म्हणाली, "पानी कमी अन् फोमच जास्त दिसू ऱ्हायला." बरोबरच होतं. एक लिटरभर जागा एकट्या स्पंजने घेतली. मोठा स्पंज माशांना घातक नसतो, उलट घाण धरायला उत्तम. पण हा टँक रुंदीला जेमतेम २० सेंटीमीटर, त्यात मासे मागच्या बाजूने फिरेनात. चार दिवसांनी काढला आणि माझ्या दोन फुटी टँकमध्ये लावला, जिथे तो शोभतो.

मग दोन मापं आणली. लहान, व्यास ५ आणि उंची ६ सेंटीमीटर. मध्यम, व्यास ८ आणि उंची ७. लहान लगेच बसवला. मध्यम दोन फुटी टँकमध्ये जुन्या फिल्टरशेजारी चालू करून ठेवला, त्यात माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया वाढू देत म्हणून. ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. पुढे तिनेच टँक वाचवला.

मार्च

पहिल्या आठवड्यात पिल्लं झाली, बावीस मोजली. खाणं दिवसातून तीनदा सुरू केलं. मधल्या आठवड्यात एक मादी वर येऊन धापा टाकायला लागली. बुडबुडे तर छान येत होते! टेस्ट किटवर नायट्राइट ०.५. अमोनिया अर्धवट पचला की हे होतं, तेही विषारीच, शून्य हवं.

इथे माझी खरी चूक कळली. बुडबुडे दिसतात म्हणजे पाणी स्पंजमधून जातंय, असं नसतं. तेव्हापासून मी मोजतो. छोटी प्लॅस्टिकची पिशवी पाण्याखालीच चपटी करून नळीच्या तोंडाला धरायची, दहा सेकंदांत जेवढं पाणी येईल ते मापात ओतून बघायचं. लहान स्पंज नवा होता तेव्हा २०० मिली आलं होतं. आता ६०. म्हणजे ताशी ७२ लिटरवरून २२ वर. भोकं बारीक, वर पिल्लांच्या खाण्याचा चुरा, स्पंज बाहेरून बुजून गेला होता.

वरचा आणि बाजूचा पृष्ठभाग काढून बघितला: लहान स्पंजचा सुमारे ११५ चौरस सेंटीमीटर, मध्यमचा सुमारे २२५. घाण आधी बाहेरच्या अंगावरच साचते, त्यामुळे दुप्पट अंग म्हणजे बुजायला जास्त दिवस. व्यासात फरक तीनच सेंटीमीटरचा, पण लहान टँकमध्ये तोच निर्णायक ठरतो.

त्याच रात्री तीन आठवडे मुरलेला मध्यम स्पंज इकडे आणला. तीन दिवस रोज ३० टक्के पाणी बदललं. चौथ्या दिवशी नायट्राइट शून्य. ती मादी मात्र गेली. अजून वाईट वाटतं, कारण आठवडाभर आधी पिशवी धरून बघितली असती तर ती वाचली असती.

एप्रिल

पारा ४३ वर. टँकचं पाणी दुपारी ३२. आता हे आपल्याकडच्या मंडळींनी नीट वाचावं. २५ अंशांच्या पाण्यात ऑक्सिजन लिटरला ८.३ मिलिग्रॅमपर्यंत विरघळतो, ३२ अंशांना ७.३ च्या आसपास. आणि आमच्या बोअरच्या जड पाण्यासारखा पीएच ८ असेल, तर एकूण अमोनियातला विषारी भाग २५ अंशांना ५ टक्क्यांच्या थोडा वर असतो, तो ३० अंशांना साडेसात टक्के होतो. म्हणजे तेवढेच मासे, तेवढंच खाणं, पण फिल्टरवरचा भार वाढलेला. फेब्रुवारीत पुरलेला स्पंज मे महिन्यात पुरेलच असं नाही. माप ठरवताना डोळ्यांसमोर मे ठेवायचा.

दुसरी गोष्ट बाष्पीभवनाची. पाणी गार राहावं म्हणून वर छोटा पंखा लावला, अडीच अंश उतरलं. पण आपली हवा इतकी कोरडी की तीन दिवसांत पाणी इंचभर खाली. नळीचं तोंड उघडं पडलं, आणि पिशवीत १५० ऐवजी ९० मिली. हवेने पाणी उचलायचं ते पृष्ठभागाच्या वर चढवायला लागलं की धार कमी होते. मग नळी कापली, तोंड भरलेल्या पातळीच्या सव्वा इंच खाली येईल अशी. शिवाय एअरस्टोन, म्हणजे बारीक बुडबुडे सोडणारा दगड, नळीत जितका खाली बसेल तितकं पाणी जास्त उचललं जातं, म्हणून उथळ टँकला उंच स्पंज घेऊ नये. बुटका आणि रुंद बरा. आटलेलं पाणी मात्र बोअरने भरू नका, क्षार साचत जातात. मी आरओचं घालतो. पाणी बदलायला नळाचं, क्लोरीन काढून.

मे

परवा वादळ झालं. रावेरकडे केळीच्या बागा आडव्या झाल्या, आणि इकडे रात्री पाच तास लाइट नव्हती. एअर पंप ३ वॅटचा, इन्व्हर्टरवर घेतलेला होता, काही झालं नाही. ज्यांच्याकडे ही सोय नाही त्यांनी निदान पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा आणि नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाकावा, बाण टँककडे. नाहीतर पाणी उलटं पंपात उतरतं. स्पंज बरेच तास बंद राहिला तर चालू करण्याआधी टँकच्याच पाण्यात पिळून घ्या. आतले बॅक्टेरिया हवेविना मरतात आणि ती घाण एकदम बाहेर येते.

सध्या मध्यम स्पंज दर दोन आठवड्यांनी पिळतो, पिशवीत १०० मिलीच्या खाली आलं तर आधीच. काल रात्री टॉर्च लावून पाहिलं, नऊ पिल्लं स्पंजच्या अंगावर बसून काहीतरी टिपत होती. मोठी झाली की नर वेगळे काढायचेत. त्यांच्यासाठी १८ इंची टँक धुऊन ठेवलाय आणि त्याचा स्पंज दोन फुटी टँकमध्ये कालपासून मुरत घातलाय.